कर्जफेड आणि निर्वाह : सिकंदराबाद-बोलारमच्या फौजेचे देणे व पहिले सालारजंग

कर्ज असलेल्याने मिळकतीतून आधी घर चालवावे की आधी हप्ता भरावा, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळतो. पण पगारदाराच्या घरात तो दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उभा राहतो. हैदराबादच्या इतिहासात हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात एका संपूर्ण राज्यापुढे उभा राहिला होता. राजकीय इतिहासात त्याची नोंद 'वऱ्हाडचा प्रश्न' या नावाने होते. तह, गव्हर्नर जनरल आणि रेसिडेंट यांच्या हकिकतीत त्यातील कर्जाचा भाग मात्र झाकला जातो. प्रस्तुत लेखात तो भागच प्रामुख्याने पाहावयाचा आहे. मराठी वाचकाला त्याचे आणखी एक कारण आहे. या देण्यापोटी जो मुलूख हातचा गेला त्यात संपूर्ण वऱ्हाड आणि धाराशिव-नळदुर्गचा प्रदेश होता. म्हणजे हैदराबादच्या खजिन्यातील तुटीची किंमत मोठ्या प्रमाणावर मराठी बोलणाऱ्या रयतेच्या मुलखाने भरली.

शेजारी शेजारी दोन फौजा

सिकंदराबाद हे नाव तिसरे निजाम सिकंदर जाह (कारकीर्द १८०३-१८२९) यांच्यावरून पडले. हुसेनसागर तलावाच्या उत्तरेस इंग्रजी फौजेचा जो तळ पडला होता, त्याला १८०६ मध्ये हे नाव मिळाले. येथे राहणारी फौज म्हणजे तैनाती फौज. १७९८ व १८०० च्या तहांनी ती हैदराबादच्या गळ्यात पडली. १८०० च्या तहाने तिच्या खर्चाचा निकालही लागला होता. म्हैसूरच्या युद्धांतून निजामांच्या वाट्यास आलेले बल्लारी, कडप्पा इत्यादी जिल्हे त्यांनी कंपनीला कायमचे देऊन टाकले. किंमत जबर होती, पण ती एकदाच दिली गेली. सिकंदराबादच्या तैनाती फौजेपोटी निजामांकडे दरमहा मागणी येण्याचे कारण उरले नाही.

सिकंदराबादच्या उत्तरेस काही मैलांवर बोलारम आहे. तेथील छावणीची गोष्ट निराळी. १८११ ते १८२० या काळात हेन्री रसेल हे हैदराबादला रेसिडेंट होते. त्यांच्या पुढाकाराने निजामांच्या नावाने, निजामांच्या खर्चाने, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक वेगळी फौज उभी राहिली. तिला प्रथम रसेल ब्रिगेड म्हणत. पुढे ती 'हैदराबाद कंटिंजंट' म्हणून ओळखली गेली. तिचे मुख्य ठाणे बोलारम, आणि इतर ठाणी औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (अंबाजोगाई), एलिचपूर अशी मराठी मुलखात पसरलेली. वार्षिक खर्च सुमारे ४० लाख रुपये. अधिकाऱ्यांचे पगार व भत्ते इतके भरघोस की, सगळ्यांचा खर्च बिचारे निजाम भरतात, अशी थट्टा इंग्रजांमध्येच चालत असे.

या फौजेचा कायदेशीर आधार काय होता? १८०० च्या तहाप्रमाणे युद्धप्रसंगी निजामांनी आपली फौज कंपनीच्या मदतीस पाठवावयाची होती. शांततेच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कायमची फौज पोसण्याचे बंधन त्यात नव्हते. पुढे ज्यांनी या फौजेच्या थकबाकीपोटी मुलूख घेतला, त्या लॉर्ड डलहौसींनीही हे आपल्या टिपणात मान्य केले होते. तरीही खर्च चालूच राहिला. न परवडणारा खर्च कोणीतरी प्रतिष्ठेसाठी गळ्यात घालावा आणि मग तोच नित्याचा होऊन बसावा, असा हा प्रकार होता.

चंदूलालांची रीत

या खर्चाची तोंडमिळवणी करण्याचे काम राजा चंदूलाल यांच्याकडे आले. १८०६ पासून ते पेशकार होते; दिवाण नावाला दुसरे असले तरी कारभार चंदूलालांचाच होता. १८३२ मध्ये ते रीतसर दिवाण झाले आणि १८४३ मध्ये पायउतार झाले. त्यांची उदारता आणि काव्यप्रेम यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जमाखर्चाच्या बाबतीत मात्र त्यांची एकच रीत होती. कंटिंजंटचा पगार चुकू द्यायचा नाही. बाकी सर्व चुकले तरी चालेल. रेसिडेंट खूश असेपर्यंत दिवाणगिरी सुरक्षित होती, हे त्यामागचे कारण उघड आहे.

हा पगार कोठून येई? आधी विल्यम पामर आणि कंपनीकडून. विल्यम पामर यांनी १८१४ च्या सुमारास हैदराबादेत ही पेढी काढली. सर विल्यम रंबोल्ड हे तिचे एक भागीदार होते. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्या घरी वाढलेल्या मुलीशी त्यांचे लग्न झाले होते. त्यामुळे पेढीच्या वसुलीमागे सरकारी वजन उभे राहिले. व्याजाचा दर २५ टक्क्यांपर्यंत जाई. १८२० मध्ये या पेढीने ६० लाखांचे नवे कर्ज दिले. फौजेची थकबाकी भागवणे आणि रयतेला तगाई देणे ही त्याची जाहीर कारणे होती. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेले चार्ल्स मेटकाफ यांनी हिशेब उघडला, तेव्हा या रकमेचा मोठा भाग जुन्याच कर्जाची फिरवाफिरव असल्याचे आणि त्यात भागीदारांचा बोनसही मिसळलेला असल्याचे त्यांना आढळले. जुने खत फाडून नवे वाढीव खत लिहून घेण्याची खेड्यातल्या सावकाराची युक्ती येथे लाखांच्या आकड्यांत वापरली गेली होती.

हे कर्ज फिटले ते फार महागात. उत्तर सरकार या आंध्र किनाऱ्यावरील प्रांतापोटी कंपनी निजामांना दरवर्षी ७ लाख रुपये पेशकश देत असे. १८२३ मध्ये सुमारे १ कोटी १६ लाखांच्या एकरकमी मोबदल्यात हा हक्क कायमचा संपवण्यात आला आणि ती रक्कम पामर यांचे देणे भागवण्याकडे गेली. एक खात्रीचे वार्षिक उत्पन्न विकून एक कर्ज मिटले. ज्या खर्चामुळे ते झाले तो खर्च मात्र तसाच राहिला. पुढच्याच वर्षी पामर पेढी बुडाली. मग इतर सावकार आले. पेस्तनजी मेहेरजी या पारशी घराण्याने वऱ्हाडच्या महसुलाच्या तारणावर मोठाल्या रकमा दिल्या. औरंगाबादच्या टांकसाळीतून निघालेला पेस्तनशाही रुपया त्यांच्याच नावाने ओळखला जाई. चंदूलाल गेल्यावर त्यांच्याकडचे तालुके दरबाराने काढून घेतले आणि त्यांचे येणे बुडाले. म्हणजे या रीतीत सावकारही सुखी झाला नाही.

रयतेचे काय झाले? तालुके इजाऱ्याने दिलेले; इजारदाराने आगाऊ रक्कम भरायची आणि मग ती रयतेकडून जमेल तशी काढायची. इजारा किती दिवस टिकेल याचा भरवसा नसल्याने पहिल्याच हंगामात जास्तीत जास्त वसूल करण्याकडे कल राही. राज्याच्या स्वतःच्या फौजेचे व कारकुनांचे पगार महिनोन्‌महिने थकत. अरब व रोहिले जमादार थकलेल्या तलबेपोटी तालुके अडकवून बसत. शिवाय तेच सावकारीही करत. बोलारमच्या शिपायाला वेळेवर मिळणारा पगार हा हैदराबादच्या शिपायाच्या न मिळालेल्या पगारातून आणि मराठवाडा-वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या बी-बियाण्यातून निघत होता. हप्ता न चुकवण्याचा लौकिक चंदूलालांनी मिळवला, परंतु ज्या जमिनीतून पुढचा हप्ता यायचा ती जमीनच त्यापायी खचली.

एकवीस मे १८५३

चंदूलालांनंतर दहा वर्षांत दिवाण बदलत राहिले, पण कंटिंजंटचे देणे कमी झाले नाही. निजामांच्या खजिन्यातून पगार निघेनासा झाला तेव्हा तो रेसिडेन्सीच्या खजिन्यातून आगाऊ दिला जाऊ लागला आणि निजामांच्या नावे कर्ज म्हणून, व्याजासह, मांडला जाऊ लागला. १८५१ मध्ये डलहौसींनी निर्वाणीची मागणी केली. त्या वेळी मोठी रक्कम भरली गेली. दरबारची जवाहिरेही गहाण पडली. दोन वर्षांत बाकी पुन्हा सुमारे ४३ लाखांवर गेली. अखेर कर्नल जॉन लो हे रेसिडेंट असताना २१ मे १८५३ रोजी निजाम नासिरुद्दौला यांनी तहावर सही केली. वऱ्हाड, रायचूर दोआब आणि अहमदनगर-सोलापूरला लागून असलेला नळदुर्ग-धाराशिवचा प्रदेश, असा सुमारे ५० लाख उत्पन्नाचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. तो कायमचा तोडून देण्यास निजामांनी शेवटपर्यंत नकार दिला. म्हणून 'फौजेच्या खर्चासाठी नेमून दिलेला' असे शब्द आले. मुदत मात्र घातली गेली नाही. खर्च भागून उरेल ती शिल्लक निजामांना द्यायची आणि दरसाल हिशेब दाखवायचा, असे ठरले.

त्याच तहाने कंटिंजंटचा आकारही ठरवला : किमान ५ हजार पायदळ, २ हजार घोडदळ आणि चार तोफखाने. फौज पूर्वीपेक्षा लहान झाली. जी काटकसर कर्जदाराने अनेक वर्षे मागितली असती तर सुचली नसती, ती मुलूख ताब्यात येताच धनकोला सुचली, हे नोंदवण्यासारखे आहे.

या ४३ लाखांच्या आकड्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सिकंदराबादच्या बाजाराशी निगडित आहे. सिकंदराबाद आणि जालना येथील छावण्यांच्या बाजारांत दारूवरील अबकारीचे उत्पन्न होते. ते निजामांच्या मुलखातले असूनही इंग्रज अधिकारी वसूल करत आणि निजामांच्या खात्यावर जमा करत नसत. दरबाराच्या म्हणण्याप्रमाणे हे उत्पन्न सालिना सुमारे एक लाख आणि काळ १८१२ ते १८५३ असा ४१ वर्षांचा. वजाबाकी केली तर देणे जवळजवळ शून्यावर येते. हा केवळ दरबाराचा कांगावा म्हणून सोडून देता येत नाही. पुढे रेसिडेंट झालेले कर्नल डेव्हिडसन यांनी १८६० मध्ये आपल्या सरकारला कळवले की, दोन्ही बाजूंच्या मागण्या निःपक्षपातीपणे तपासल्या असत्या तर ४३ लाखांचा न्याय्य दावा उरला नसता. धनकोच्याच कारभाऱ्याने दिलेली ही कबुली मुलूख गेल्यावर सात वर्षांनी आली. हप्ते ठरवण्यापूर्वी वही दोन्ही बाजूंनी वाचली जावी ही साधी अट १८५३ मध्ये पाळली गेली नाही. ती पाळायला लावील असे न्यायालयही निजामांना उपलब्ध नव्हते.

चोविशीतला दिवाण

तहानंतर पाचच दिवसांनी दिवाण सिराजुल्मुल्क वारले आणि ३१ मे १८५३ रोजी त्यांचे पुतणे मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, दिवाण झाले. वय २४. अनुभव म्हणावा तर खम्मम भागात आठ महिने तालुकदारी. खजिना रिकामा, मोठ्या उत्पन्नाचा मुलूख गेलेला, उरलेल्या तालुक्यांपैकी कितीतरी सावकार व अरब जमादारांकडे गहाण, आणि निजामांचा नव्या दिवाणावर पुरता विश्वास नाही.

सालारजंगांनी जे केले त्याला आजच्या भाषेत कर्जाची फेररचना म्हणता येईल, पण त्याचे सूत्र आकड्यांपेक्षा क्रमात होते. नवे तालुके गहाण टाकणे त्यांनी थांबवले. फौजेच्या तलबेपोटी महसूल परस्पर तोडून देण्याची पद्धत आवरून पगार खजिन्यातून रोख देण्याकडे ते वळले. गहाण तालुके त्यांनी सावकारांकडून हिसकावले नाहीत. त्यांच्याशी समजुतीने तडजोड करून, वसुलातून नियमित रक्कम देण्याची हमी देऊन, ते एकेक करून सोडवले. तालुका हाती आला की तेथे इजारदाराऐवजी पगारी तालुकदार नेमला जाई. येथे मेख आहे. सुटलेल्या तालुक्याचे उत्पन्न सावकाराच्या हातून न जाता आधी खजिन्यात येई, मग त्यातून कारभाराचा पगार, आणि मग सावकाराचा हप्ता. सावकाराला पूर्वीपेक्षा कमी मिळे, पण ते ठरल्या वेळी मिळे. पेस्तनजींची गत पाहिलेल्या पेढीवाल्यांना याचे मोल कळले असावे.

खर्चात कपात झाली ती सावकाश. अरब आणि रोहिल्यांची संख्या एकदम कमी केली असती तर शहरात दंगा झाला असता; त्यांची थकबाकी भागवत भागवत ती कमी केली गेली. जमादारांच्या सावकारी दाव्यांचा निवाडा तलवारीऐवजी न्यायालयात व्हावा अशी व्यवस्था झाली. पुढे ठिकठिकाणच्या टांकसाळी बंद होऊन हाली सिक्का हे एकच नाणे आले, १८६५ मध्ये जिल्हाबंदी झाली आणि पिकाच्या वाट्याऐवजी रोख सारा घेण्याची पद्धत रूढ होत गेली. उत्पन्न वाढले ते यातून. साऱ्याचा दर चढवून नव्हे.

महाविद्यालयीन अध्यापकांनी विशेष लक्ष द्यावे अशी बाब म्हणजे दारुल उलूम. देणे फिटले नव्हते, खजिना तंगीत होता, त्या १८५० च्या दशकातच हैदराबादेत सालारजंगांनी ही शाळा सुरू केली. अरबी-फारसीबरोबर तेथे इंग्रजी आणि देशी भाषांनाही जागा दिली गेली. केवळ जमाखर्ची दृष्टीने पाहणारा म्हणेल की, कर्जात बुडालेल्याने आधी देणे द्यावे, शाळा मागाहून काढावी. सालारजंगांनी तसे मानले नाही. पगारी तालुकदार आणि हिशेबनीस कोठून आणायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे होताच. मुलखात माणसे तयार झाली नाहीत तर वसुली पुन्हा इजारदाराच्या हाती जाणार होती. प्रत्यक्षात अनेक वर्षे बाहेरच्या प्रांतांतून अधिकारी बोलवावे लागले आणि त्यातून मुल्की-गैरमुल्की वाद वाढला, ही या धोरणाची दुसरी बाजू आहे. तीही लपवण्याचे कारण नाही.

सावकारांचे देणे असे नियमाने आटोक्यात आले. कंपनीच्या देण्याचा शेवट मात्र हिशेबाने झाला नाही. १८५७ च्या उठावात सालारजंग इंग्रजांच्या बाजूने राहिले. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर झालेला हल्ला मोडला गेला. त्याचे बक्षीस म्हणून डिसेंबर १८६० च्या तहाने सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर आणि नळदुर्ग-धाराशिव परत मिळाले. कर्ज संपले तर तारण सुटावे, हा सर्वत्र चालणारा नियम. वऱ्हाड मात्र सुटले नाही. ते कंटिंजंटच्या चालू खर्चासाठी ठेवून घेण्यात आले आणि हिशेब दाखवण्याचे बंधनही उडाले. लगेच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-१८६५) कापसाचे भाव चढले, वऱ्हाडचे उत्पन्न वाढले; परंतु कारभाराचा खर्चही असा वाढवला गेला की निजामांच्या वाट्यास थोडीच शिल्लक येई. १८७० च्या दशकात सालारजंगांनी मोठी ठेव ठेवण्याची तयारी दाखवली; तिच्या व्याजातून कंटिंजंटचा खर्च निघावा आणि वऱ्हाड परत मिळावे. ते नाकारले गेले. १८७६ ची त्यांची इंग्लंडची वारीही या बाबतीत निष्फळ ठरली. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने त्यांचे निधन झाले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्याशी झालेल्या कराराने वऱ्हाड सालिना २५ लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्याने गेले.

राज्याकडून घराकडे

राज्याला जे संरक्षण मिळाले नाही ते व्यक्तीला देण्याचा विचार ब्रिटिश हद्दीत याच काळात सुरू झाला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली आणि उठाव पुणे-अहमदनगर भागात पसरला. चौकशी आयोगानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. निजामांच्या हकिकतीशी ताडून पाहिले तर त्यातील कलमे बोलकी आहेत. न्यायाधीशाने केवळ खतावर न थांबता व्यवहाराचा पहिल्यापासूनचा हिशेब उघडावा. दामदुप्पटीच्या जुन्या नियमाप्रमाणे व्याज मुद्दलापेक्षा जास्त मानू नये. देणे हप्त्यांनी फेडू द्यावे. देण्यासाठी कैद नको. आणि स्पष्टपणे गहाण न टाकलेली जमीन जप्त होऊ नये.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये हा विचार सर्वांसाठी आला. कर्जदाराचे व त्याच्या बायकामुलांचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे जप्त करता येत नाहीत. पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी हात न लावण्याजोगा आहे. इस्लामी फिक्हमध्येही दिवाळे निघालेल्याची मालमत्ता विकताना नेसते कपडे वगळण्याचा नियम आढळतो. त्यामागे सूरह बकराच्या २८० व्या आयतीतील, अडचणीत असलेल्या ऋणकोला सुस्थिती येईपर्यंत मुदत देण्याचा आदेश आहे. कायद्याच्या शब्दांत आणि या आदेशात भाषेचे अंतर मोठे असले तरी दोन्हींत निर्वाह आधी मोजला आहे.

हैदराबादला हा प्रश्न पुन्हा भेटला तो २०१० मध्ये. सूक्ष्मवित्त संस्थांची हैदराबाद ही तेव्हा मोठी पेठ होती. एकाच घरात तीन-चार संस्थांचे कर्ज, दर आठवड्याला हप्ता, आणि एकीचा हप्ता भरण्यासाठी दुसरीकडून उचल, असा प्रकार आंध्र प्रदेशात पसरला होता. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वीची चंदूलालांची रीत आता घराघरांत आली होती. आत्महत्यांच्या बातम्यांनंतर ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला. आठवड्याऐवजी महिन्याचा हप्ता, वसुली घरी न जाता सार्वजनिक जागी, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त नाही, अशा तरतुदी त्यात होत्या. वसुली जवळजवळ थांबली; त्याबरोबर नवे कर्जही थांबले आणि गरजू कुटुंबांना पुन्हा खाजगी सावकाराकडे जावे लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने ठरवले की, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांना राज्याचा हा कायदा लागू होत नाही.

तोपर्यंत रिझर्व्ह बँकेने स्वतःची मर्यादा आणली होती. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सूक्ष्मवित्त कर्ज देताना कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. महिन्याला १२ हजार मिळवणाऱ्या सिकंदराबादच्या कुटुंबाला याचा अर्थ ६ हजारांपर्यंत हप्ते, असा होतो. उरलेल्या ६ हजारांत घरभाडे, दवाखाना आणि मुलांची फी बसते किंवा नाही, याची मोजणी नियमात नाही.